खाऱ्या हवेतला अ‍ॅम्प्लिफायर

(गुहागर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

आज दुपारी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने आलो. हे टेबलावरचं यंत्र, एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. बोट खाडीच्या मध्यावर आली की मला दर वेळी हॅरॉल्ड ब्लॅक आठवतो. २ ऑगस्ट १९२७ची सकाळ. बेल लॅबोरेटरीजमधला हा तरुण इंजिनिअर कामावर जायला अशाच फेरीबोटीने हडसन नदी ओलांडत होता. त्याच्या डोक्यात बरीच वर्षं एक प्रश्न होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेवर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाज वाढवताना तो थोडा बिघडवतो, आणि एकामागून एक बसवले की बिघाड साठत जातो. बोटीवर त्याला उत्तर सुचलं. हातात न्यूयॉर्क टाइम्सचा अंक होता, त्यातल्या कोऱ्या जागेवर त्याने आकृती काढली. कल्पना इतकी उलटी वाटणारी होती की पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

कल्पना अशी: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा छोटा हिस्सा मागे आणायचा, आत येणाऱ्या आवाजाशी ताडून पाहायचा, आणि जो फरक असेल तो वजा करायचा. आपला तांडेल हेच करतो. समोर डोंगराची खूण धरतो, होडी जराशी डावीकडे गेली की सुकाणू तेवढंच उजवीकडे देतो. ताकद वाया जाते, कारण तुम्ही मुद्दाम कमी वाढवता; पण होडी सरळ जाते. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. घरात गाणं ऐकण्यासाठी गेल्या शतकात जे उत्तम अ‍ॅम्प्लिफायर झाले, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात त्या बोटीवरची ती आकृती आहे.

आता माझी ओळख. माझे काका आगबोटीवर इंजिन खलाशी होते. सत्तरच्या दशकात कोकणातल्या ज्या घरातला माणूस बोटीवर किंवा आखातात होता, त्या घरी जपानी स्टिरिओ येत असे. काकांनी सान्सुईचा रिसीव्हर आणला, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. सान्सुई हे नाव जपानीत डोंगर आणि पाणी या दोन अक्षरांनी लिहितात. कंपनी १९४७ साली टोकियोत सुरू झाली ती ट्रान्सफॉर्मर करण्यासाठी; अ‍ॅम्प्लिफायर नंतर आले. हे मला फार पुढे कळलं, पण कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. काकांनी पेटी उघडल्यावर पहिलं काम काय केलं, तर मागच्या बाजूचा व्होल्टेजचा खटका ११०वरून २२०वर फिरवला. मग आजीला खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्ड लावली. तंबोरा सुरू झाला आणि आजी मागे वळून पाहायला लागली, कोण बसलंय म्हणून.

काका गेल्यावर ते यंत्र दोन पावसाळे बंद होतं. तिसऱ्या वर्षी, भर श्रावणात, मी सरळ प्लग लावून बटण दाबलं. मोठा आवाज झाला, धूर आला, आणि डाव्या स्पीकरची कॉइल जळून गेली. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि वीज न मिळता महिनोन्‌महिने पडून राहिला की तो थर झिजतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो फाटतो. हळूहळू वीज दिली तर तो पुन्हा जमतो. त्या एका चुकीने मला सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायला लावलं. आज ते सोडवत नाही.

मी तुम्हाला आज एवढंच सांगायला आलो आहे की कोकणात जुना अ‍ॅम्प्लिफायर जपून ठेवू नका, वाजवा. त्याचं कारण समजायला आत काय चालतं ते थोडं पाहावं लागेल.

आपण म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो. खरं तर तो काहीच मोठं करत नाही. पोफळीच्या वाडीतला पाट डोळ्यांसमोर आणा. वर डोण भरलेली आहे. एक मूल हाताने मातीचा बांध जरा उघडतं, जरा बंद करतं. खाली पाणी त्या हाताच्या चालीने धावतं. मुलाच्या हाताचं पाणी झालेलं नाही, पाणी डोणीतलंच आहे. रेकॉर्डच्या सुईतून येणारे काही हजारांश व्होल्ट म्हणजे तो हात. स्पीकर हलवणारी ताकद येते ती भिंतीतल्या प्लगमधून, ट्रान्सफॉर्मरमधून, मोठ्या कपॅसिटरमधून. म्हणजे तुम्ही जो पखवाज ऐकता, ती महावितरणची वीज असते, गाण्याच्या आकारात कापलेली. म्हणून डोण उथळ असेल तर पखवाजाचा धा पडताना पाणी संपतं. थाप ऐकू येते, पण तिच्या मागची घुमार येत नाही.

जुन्या चांगल्या यंत्रांचं वजन तिथून येतं. पायोनियरचा १९७८चा एसएक्स १९८० हा रिसीव्हर सुमारे ३५ किलोचा होता, दर चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, २७० वॅट. मॅकिंटॉशचा एमसी २७५ हा १९६१चा वॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर. चार केटी ८८ वॉल्व्ह पुढे उघड्यावर, मागे काळे ट्रान्सफॉर्मर, खाली चकचकीत क्रोमचा पत्रा. दर चॅनेलला ७५ वॅट. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन तारा शेजारी-शेजारी एकत्र गुंडाळलेल्या असतात, दोन पेडांचा सुंभ वळावा तशा. ते गुंडाळण्याचं कौशल्य हेच त्या कंपनीचं भांडवल होतं. मी तो एकदाच ऐकला आहे, मुंबईत, एका स्नेह्यांच्या घरी. वाजत असताना मी त्यांना बोलूही दिलं नाही.

वॅटांबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलतो, कारण त्यात लोक फार फसतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १९७४ साली अमेरिकेत सरकारने नियम केला, की जाहिरातीत लिहायचे ते वॅट अ‍ॅम्प्लिफायरने सलग देऊन दाखवलेले असले पाहिजेत. त्याआधी क्षणभराचे आकडे छापले जात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे अशाच क्षणभराच्या ताकदीचे, हजारो वॅट छापलेले तुम्ही पाहिले असतील; ते आकडे विसरून जा. १९७८च्या सुमारास आलेला नॅडचा ३०२० हा करड्या रंगाचा अगदी साधा डबा फक्त २० वॅटचा होता. पण क्षणभर जास्त मागणी आली तर तो ती पुरवत असे, आणि अवघड स्पीकरपुढे गुडघे टेकत नसे. आपल्या चिऱ्याच्या घराच्या माजघरात मला त्याच्याहून जास्त कधी लागलं नाही. अपवाद आषाढाचा. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कुठलेच वॅट पुरत नाहीत. तेव्हा पाऊसच ऐकावा.

आता तंबोरा. कोणताही अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलात तर ढोल-ताशा लावून पाहू नका, तंबोरा लावा, आणि आवाज अगदी हळू ठेवा. घोडीवरच्या जवारीतून जे सूक्ष्म स्वर सुटतात, त्यांत खोट लगेच दिसते. का, ते शिमग्यातल्या पालखीवरून सांगतो. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा. पालखी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. पहिल्याने सोडल्यावर दुसऱ्याने धरली तर मध्ये पालखी झोकांडते. गाणं मोठं असताना ती झोकांडी झाकली जाते. हळू तंबोऱ्यात तीच ती ऐकू येते, कचकचीत, वाळूसारखी. म्हणून चांगला कारागीर दोघांनाही बदलाच्या क्षणी थोडा वेळ खांदा लावून ठेवतो. तो क्लास एबी. आणि दोघांनी सगळा वेळ पूर्ण भार घेतला तर तो क्लास ए. त्यात झोकांडी नाही, पण दोघेही घामाघूम. गाणं नसतानाही यंत्र तापलेलं. १९७७चा मार्क लेव्हिन्सनचा एमएल २ असा होता: एका चॅनेलसाठी एक अख्खं यंत्र आणि दिलेले वॅट फक्त २५.

दोघांनी किती भार घ्यायचा हे आत एका छोट्या स्क्रूने ठरवतात, आणि वर्षांनुवर्षं ते सरकत जातं. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनला पीटर वॉकर नावाचे एक गृहस्थ होते, क्वाड कंपनीचे. त्यांनी १९७५ साली क्वाड ४०५ आणला आणि हा प्रश्नच मिटवला. पालखीचा भार दोन दणकट गड्यांनी उचलायचा, त्यांनी कितीही झोकांड्या दिल्या तरी चालेल. सोबत एक जाणता माणूस, ज्याचा हात दांडीवर कायम आहे. गडी चुकतील तेवढाच फरक तो भरून काढतो. छोटा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर हा तो जाणता माणूस. ४०५मध्ये तो स्क्रूच नाही. पन्नास वर्षांनीही त्या यंत्राला जुळवून घ्यावं लागत नाही. माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायरच्या इतिहासात याहून देखणी युक्ती नाही. ती त्यांनी लपवली नाही, मासिकात आकृतीसकट छापली.

आता आपल्या हवेकडे येतो. मिठाचा एक गुण आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ते यामुळे. समुद्राकाठच्या घरात तेच मीठ धुळीबरोबर अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटवर बसतं. जूनपासून ते ओलं होतं, आणि ओलं मीठ वीज वाहतं. मग पितळेवर हिरवा कळंक चढतो, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला खटका, धरत नाही, एक चॅनेल येतो-जातो. उबेला पाल आत शिरते, अंडी घालते. घाटावरच्या घरात तीस वर्षं टिकणारी जोडणी आपल्याकडे आठ-दहा वर्षांत सोडून देते, हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे.

यावर सगळ्यात स्वस्त औषध अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे. तो तापतो. रोज तासभर वाजला की आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम राहते, आणि गरम हवेची सापेक्ष आर्द्रता खाली येते. मीठ कोरडं राहतं, कपॅसिटरचा थर शाबूत राहतो, बटण फिरल्याने त्याचा मार्ग पुसला जातो. म्हणून सांगतो, वाजवा. मखमलीत गुंडाळून कपाटात ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर दोन पावसाळ्यांत जातो. फारच बंद ठेवायचा असेल तर कपाटात छोटा दिवा लावून ठेवा. विजांच्या दिवसांत मात्र बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा.

बंद पडून राहिलेलं यंत्र मिळालं तर त्याला आधी सिरीज बल्बवर जागं करा. प्लग आणि यंत्र यांच्या मध्ये फिलामेंटचा ६० किंवा १०० वॅटचा दिवा जोडायचा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. अमेरिकेतून आलेल्या यंत्राबद्दल आणखी एक. ते १२० व्होल्टचं तर असतंच, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. व्होल्टेज उतरवणारा नुसता स्टेप-डाउन लावला तरी यंत्राचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापू शकतो, तेव्हा पेटीला बाहेरून हात लावून पाहत राहा. आणि वॉल्व्हच्या यंत्रात चारशे-पाचशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. शिकल्याशिवाय झाकण उघडू नका, ही माझी हात जोडून विनंती.

आता या टेबलावरच्या यंत्राचं सांगतो. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा हा क्वाड ४०५ एका शिक्षकांच्या तळमजल्यावर होता. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला, चिखलाचा गोळा होऊन. त्यांनी तो कुठेही प्लगला लावला नव्हता, म्हणूनच वाचला. मी सगळं सुटं केलं, साध्या पाण्याने चिखल धुतला, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ट्रान्सफॉर्मर लाकडी पेटीत ६० वॅटच्या दिव्याखाली तीन आठवडे ठेवला, कारण जुलैत ऊन कुठून आणणार? मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून पाहिलं, पुन्हा आठवडाभर ठेवला. कपॅसिटर सगळे नवे घातले. एका दुकानातून आणलेले आउटपुट ट्रान्झिस्टर नकली निघाले, पहिल्याच दिवशी गेले, पुन्हा मागवले. दिवाळीच्या पहाटे तो वाजला. शिक्षकांनी त्यावर पहिल्यांदा काय लावलं असेल तर तंबोरा, नुसता, आणि पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

आज त्यांनी तो विश्वासाने माझ्याबरोबर पाठवला आहे. मी बोलायला उभा राहिलो तेव्हापासून तो चालू आहे, आता चांगला उबेला आला असेल. पुढे या, वरच्या पत्र्यावर हात ठेवून बघा. मागच्या मंडळींनी खुर्च्या जरा पुढे घ्याव्यात, आणि तेवढे पंखे बंद करा. रेकॉर्डची एक बाजू वीसेक मिनिटांची आहे, आणि दाभोळकडच्या शेवटच्या फेरीला अजून वेळ आहे.