डिलीटच्या आधीची यादी

ठाण्यातलं वागळे इस्टेट. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. इथल्या एका गाळ्यात खाली लेथ चालतात आणि माळ्यावर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग होतात.

सर्व्हरवर आधी वर्षाचं फोल्डर, त्यात पार्टीचं, त्यात जॉबचं, आणि त्याच्याही पोटात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘साहेबांचे बदल’. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग पुन्हा सेव्ह केलं की आधीची प्रत बीएके फाइल म्हणून डीडब्ल्यूजीच्या, म्हणजे मूळ ड्रॉइंगच्या फाइलच्या, शेजारी राहते. वर्षानुवर्षं साठलेल्या या बीएके आता काढायच्या आहेत.

हाताने एकेक फोल्डर उघडत बसलं तर नजर चुकणारच. म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. त्यातलं ओएस डॉट वॉक हे फंक्शन वरच्या फोल्डरपासून निघतं आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी हाती देतं: तिथला पाथ (म्हणजे फोल्डरचा पत्ता), आतली फोल्डरं, आतल्या फाइली. किती खोल उतरायचं हे सांगावं लागत नाही.

पहिल्या फेरीत प्रोग्रॅम काहीच पुसत नाही, फक्त यादी काढतो. हीच फेरी सगळ्यात मोलाची. ड्राफ्ट्समन काका पेन्सिल घेऊन यादी वाचतात आणि एका फ्लँजपाशी थांबतात.

“ही नको काढूस रे.”

“का हो काका? बीएकेच आहे ना?”

“हिची डीडब्ल्यूजी करप्ट झाली होती. एवढीच प्रत उरलीय.”

नुसतं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचं ‘बीएके’, बघून ही फाइल गेली असती. आता अट बदलते: त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची डीडब्ल्यूजी असेल, आणि तिची साइझ शून्य नसेल, तरच बीएके काढायची. काही नावांत बीएके कॅपिटलमध्ये आहे, काहींत स्मॉलमध्ये. तुलनेआधी सगळी नावं स्मॉल करून घेतात. पण डीडब्ल्यूजी उघडते की नाही हे साइझवरून कळत नाही. त्यामुळे काकांची खूण झालेली फाइल अटीत बसली तरी वगळतात.

नवी यादी निघते, काका पुन्हा वाचतात. सगळा डेटा आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होतो, कारण ओएस डॉट रिमूव्हने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

शेवटी रिकामी फोल्डरं. इथे उलट चालावं लागतं, सगळ्यात आतल्या फोल्डरपासून वर. ओएस डॉट आरएमडीर फक्त रिकामं फोल्डर काढतं; आत एक फाइल जरी उरली असेल तरी एरर देतं, आणि प्रोग्रॅम त्या फोल्डरचा पाथ काकांसाठी वेगळ्या यादीत लिहून ठेवतो.