कापडाची मागची बाजू

(दृश्य: अंधारी खोली. एकेक दिवा लागत जातो. पोलादी कपाटांच्या रांगा.)

संग्रहालय उघडायला अजून दोन तास आहेत. काम मात्र सुरू झालंय. ते इथे, जिथे तिकीट काढून येता येत नाही. मोठ्या संग्रहालयांत दालनात मांडलेला असतो तो संग्रहाचा लहानसा भाग. बाकी सगळं अशा कपाटांत.

(दृश्य: हातमोजे घातलेले दोन हात खण ओढतात. पातळ कागद बाजूला होतो. भरतकामाचं कापड.)

हे कापड बरीच वर्षं दालनात टांगलेलं होतं. लाल फुलं विटकरी झाली, पानांचा हिरवा उडाला. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून हल्ली अशा कापडांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत; लक्स हे उजेड मोजायचं माप. दालनात एवढा अंधार का, त्याचं उत्तर हे.

(दृश्य: कापड उलटं होतं. कॅमेरा अगदी जवळ.)

आता मागची बाजू. इथे उजेड पोचलाच नाही. लाल अजून लालच आहे. या पाकळीपाशी दोरा संपला असावा, कारण पुढचा दोरा जरा गडद आहे. त्यांच्यामध्ये गाठ. कोपऱ्यात सुईची रिकामी भोकं आहेत. टाके चुकले, उसवले, शेजारी पुन्हा घातले. कुणी भरलं, याची नोंद कुठेच नाही.

या कामात कशाला आलात, असं आम्ही इथे प्रत्येकाला विचारलं. इतिहासाची आवड, असंच बहुतेकांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण ती आवड पुस्तकांवरही भागते. आम्हाला वाटतं, त्यांना ओढून आणलं ते या गाठीने.

(दृश्य: मातीचं भांडं. बारीक निब. श्वास रोखलेला चेहरा.)

भांड्याच्या तळाला आधी पारदर्शक राळेचा लेप. तो वाळला की वर शाईने आकडा, आणि आकड्यावर पुन्हा लेप. शाई भांड्याला लागत नाही. उद्या आकडा काढायचा झाला, तर द्रावकाने लेपासकट निघून येतो. 1978.12.3. म्हणजे 1978 साली आलेल्या बाराव्या खेपेतली तिसरी वस्तू. नोंदवहीत हा आकडा काढला की भांडं कुणी दिलं, कुठून आलं, ते कळतं. आकडा हरवला, तर उरतं नुसतं जुनं मडकं.

(दृश्य: फ्रीजर. बंद पिशवीत लोकरीचा अंगरखा.)

या अंगरख्याला कसर लागली. औषध मारलं नाही. हवाबंद पिशवीत, उणे 20 अंशांना एक आठवडा. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दमट हवेतलं पाणी गार लोकरीवर धरतं. दिवसभर नुसतं थांबायचं.

कंत्राटी नेमणुका आणि बेताचा पगार, यामुळे शिकून आलेली काही मुलं हे काम सोडून जातात.

(दृश्य: दालन उघडतं. भरतकामाच्या दुसऱ्या एका कापडासमोर शाळकरी मुलगी.)

ही मुलगी बघा. पेटीच्या कडेला जाऊन वाकली. मागून कसं दिसतं, ते तिला बघायचंय.