बेनेलाँगचे हॉवर्ड

(सिडनीतल्या मेळाव्यातलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, जेवणाआधी बोलायला उभं केलंय, तेव्हा आटोपतं घेतो. विषय ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान जॉन हॉवर्ड. काहींच्या कपाळावर आठ्या दिसतायत. असू द्या!

आमचं इथलं पहिलं घर ईस्टवूडला, भाड्याचं. म्हणजे बेनेलाँग मतदारसंघ. 1974 पासून तिथून हॉवर्डच निवडून येत. गॅरेजवाल्याचा मुलगा. लहानपणापासून कमी ऐकू यायचं, म्हणून कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर व्हायचं सोडून कागदपत्रांचं काम पाहणारा सॉलिसिटर झाला. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारात अर्थखातं सांभाळलं. 1989 मध्ये त्यांच्या लिबरल पक्षानं नेतेपदावरून खाली खेचलं, 1995 मध्ये त्याच पक्षानं परत आणून बसवलं. मग 1996 ते 2007 पंतप्रधान.

मला त्यांचं राजकारण कधीच रुचलं नाही. पण व्हिक्टोरिया राज्यातल्या सेल गावातलं ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. एप्रिल 1996 मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माथेफिरूनं 35 माणसं मारली. हॉवर्डांना गादीवर बसून दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनी बंदुकांचा कायदा कडक करायला घेतला, आणि खवळले कोण? गावाकडचे शेतकरी, त्यांचे स्वतःचे मतदार. जूनमध्ये सेलला त्या संतापलेल्या गर्दीसमोर ते बोलायला उभे राहिले. कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट, तेही फुगलेलं, कुणालाही दिसावं असं! ते घालायला नको होतं, असं पुढे त्यांनीच कबूल केलं. पण मागे हटले नाहीत. सरकारनं पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून परत घेतल्या. आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेणारे पुढारी मी फार पाहिलेले नाहीत.

आता दुसरी बाजू. आशियातून येणाऱ्यांचा ओघ कमी करावा, असं 1988 मध्ये बोलून गेले होते. पुढे चूक मान्य केली. गंमत अशी की त्यांच्याच कारकिर्दीत कुशल कामगारांना दारं उघडली, आणि व्हिसासाठी लागणारे वय-शिक्षण-अनुभवाचे पॉइंट जुळवत आपल्यातले कितीतरी जण आले. मीही त्यातलाच. दरम्यान ईस्टवूडच्या दुकानांवर चिनी, कोरियन पाट्या चढत गेल्या. नोव्हेंबर 2007 मध्ये, 33 वर्षांनी, बेनेलाँगनंच त्यांना पाडलं. पंतप्रधान असताना स्वतःची जागा गमावणारे ते 1929 मध्ये हरलेल्या पंतप्रधान स्टॅनली ब्रूसनंतरचे दुसरेच. त्या दिवशी मी शाळेबाहेरच्या मतदानाच्या रांगेत पावात घातलेला सॉसेज खात उभा होतो. नागरिक म्हणून पहिलं मत, आणि ते त्यांच्या विरोधात.

क्रिकेटचं वेड मात्र अस्सल. 2005 मध्ये पाकिस्तानातल्या भूकंपग्रस्तांच्या मदत छावणीत त्यांनी चेंडू टाकला, तो त्यांच्याच पायाशी पडला. 2010 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं त्यांचं नाव आयसीसीच्या उपाध्यक्षपदासाठी दिलं. अध्यक्ष होणार होते आपले शरद पवार, त्यांच्यामागून हॉवर्ड, असा बेत. आशिया-आफ्रिकेच्या बोर्डांनी सिंगापुरात तो हाणून पाडला. मतदानाचीही वेळ येऊ दिली नाही. पवारांचे सासरे सदू शिंदे भारताकडून कसोटीत लेगस्पिन टाकत. हॉवर्डांना निदान दोन चेंडू शिकायला मिळाले असते!

चला, पुरणपोळ्या गार होतायत.