केसांचं जाळं

नमस्कार श्रोतेहो, आणि हाफा डे! प्रशांत महासागरात, फिलिपिन्सच्या पूर्वेला ग्वाम नावाचं बेट आहे. तिथे माणसं एकमेकांना भेटली की म्हणतात, हाफा डे.

१३ नोव्हेंबर १९८०. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्डची अंतिम फेरी. मुकुट मिळाला पश्चिम जर्मनीच्या गॅब्रिएला ब्रुमला. दुसरी आली ग्वामची किंबर्ली सांतोस. आणि अवघ्या १८ तासांत ब्रुमनं किताब सोडला! मुकुट ग्वामकडे गेला. ५४९ चौरस किलोमीटरचं बेट, आपल्या बृहन्मुंबईहूनही लहान, आणि तिथली मुलगी मिस वर्ल्ड.

सांतोस. आडनाव मडगावचं वाटतं ना? त्याआधी १४ वर्षं, १९६६ मध्ये, हाच मुकुट आपल्या रीता फारियानं आणला होता. गोव्याच्या घराण्यातली, मुंबईत डॉक्टरकी शिकणारी मुलगी. फारिया काय, सांतोस काय, दोन्ही आडनावं समुद्रापलीकडून आलेल्या राज्यकर्त्यांच्या आणि पाद्र्यांच्या मागोमाग आली.

ग्वामचे मूळ रहिवासी ते चामोरो. १५२१ मध्ये मॅगेलन तिथे पोचला, पुढे स्पेनचं राज्य झालं, १८९८ मध्ये अमेरिकेचं. अमेरिकन नौदलाच्या राजवटीत शाळेत चामोरो बोलायला मनाई होती. मुलांना, स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या भाषेत बोलायला मनाई! राजधानीला सगळे ‘अगान्या’ म्हणत राहिले. ‘हगात्न्या’ हे तिचं खरं नाव कागदोपत्री आलं १९९८ मध्ये. आपली मुंबई सरकारदरबारी ‘मुंबई’ झाली १९९५ मध्ये. मी तर म्हणेन, गावाचं नाव गावातल्या माणसांच्या तोंडी असेल तसंच घ्यावं. निवेदकांनी तर घ्यावंच.

चामोरो मुलगी सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर येते तेव्हा तिच्या गळ्यात कधी ‘सिनाही’ असतो, भल्यामोठ्या शिंपल्यातून घडवलेली चंद्रकोर. पण मला ओढ आहे ती तिच्या केसांची. का, ते सांगते.

चामोरो लोक सांगतात, फार पूर्वी ग्वाम मधोमध बारीक होत चाललं होतं. रोज थोडी जमीन कमी. एक अक्राळविक्राळ मासा बेट कुरतडत होता. पुरुष भाले घेऊन, होड्या घेऊन निघाले. दिवसच्या दिवस शोधलं. मासा काही सापडेना.

इकडे हगात्न्याच्या झऱ्यावर मुली केस धुवायला जमत. लिंबाच्या रसानं केस धुवायचे, हसायचं, गाणी म्हणायची. शिकेकाईच्या रविवारी न्हाणीघरात होणारा मायलेकींचा गलबला ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे चित्र वेगळं रंगवून सांगायला नको. लिंबाच्या साली झऱ्यातच पडत.

एके दिवशी बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला, पागोच्या उपसागरात, एका मुलीला पाण्यावर काहीतरी तरंगताना दिसलं. उचलून पाहते तर लिंबाची साल! एक, दोन, कितीतरी साली. आपल्याच झऱ्यातल्या साली. झरा त्या बाजूला, उपसागर या बाजूला, आणि मध्ये अख्खं बेट. मग साली आल्या कुठून? खालून! माशानं बेटाच्या पोटातून आरपार भुयार पाडलं होतं. पुरुषांना होड्यांतून जे कळलं नाही, ते तिला लिंबाच्या सालीवरून कळलं.

आता मासा झऱ्याखालीच असणार. पण त्याला धरायचं कशानं? मुलींनी आपले केस कापले. लांबसडक, काळेभोर, ज्यांच्यासाठी रोज झऱ्यावर यायचं तेच केस. कापले आणि विणायला बसल्या. बट घ्यायची, गाठ मारायची. बट घ्यायची, गाठ मारायची. जाळं झऱ्यावर पसरलं आणि सगळ्याजणी काठाला बसून गाऊ लागल्या. मासा गाण्याला भुलून वर, वर, अगदी वर आला, आणि मुलींनी जाळ्यासकट पाण्यात उड्या घेतल्या. मासा अडकला. केसांचं जाळं तुटलं नाही.

मंचावर परीक्षक केस बघतात, किती लांब, किती चमकदार. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेली मंडळीही वेणीची लांबी बघायची. त्या मोजमापाचा मला लहानपणापासून राग आहे. चामोरो मुलीच्या केसांत ही गोष्ट गुंफलेली आहे, ती कुठल्या मापानं मोजणार?

आज मोठ्या नकाशात ग्वाम शोधा. एका अंगाला हगात्न्या, दुसऱ्या अंगाला पागो, आणि मध्ये बेटाची कंबर अजूनही बारीक आहे. तिथवरच खाऊन झालं होतं.

चामोरोत आभार मानताना म्हणतात, सी युउस मासे, देव दया करो. तर श्रोतेहो, सी युउस मासे.