मेणबत्तीतलं मेण

नमस्कार, श्रोतेहो. मेणबत्ती या शब्दात मेण आहे, पण किराणा दुकानातून आपण जी आणतो तिच्यात ते बहुधा नसतंच. ते असतं पॅराफिन, खनिज तेलापासून निघालेलं. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत नवसाचे मेणाचे हातपाय, घरं मिळतात, तीही आता बहुतेक पॅराफिनचीच.

खरं मेण मधमाशीच्या अंगातून येतं. साधारण बारा ते अठरा दिवसांच्या कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात, त्यांतून पातळ पापुद्रे सुटतात. किलोभर मेणासाठी माश्या सहा ते आठ किलो मध खातात असं मानतात. म्हणून सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या मधमाशीचं पोळं पाळणारा मोडत नाही. यंत्रात फिरवून मध काढतो आणि पोळं माश्यांना परत देतो. मेण मिळतं ते जुन्या, काळवंडलेल्या पोळ्यांचं आणि आग्या मोहोळाचं.

आता हे मेण साफ कसं करायचं? पोळं सुती फडक्यात बांधा, गाठोडं वर येऊ नये म्हणून आत एक धोंडा टाका आणि पाण्यात मंद आचेवर ठेवा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी किंवा पितळी भांड्यात मेण काळपट होतं. विरघळलेलं मेण फडक्यातून पाझरून वर तरंगतं. रात्रभर निवू दिलं की सकाळी वडी हाती येते. तिच्या बुडाशी चिकटलेला गाळ सुरीनं खरवडून टाका. मेण सुमारे 62 ते 64 अंशांना वितळतं. ते थेट आचेवर कधीच ठेवू नका, जास्त तापलं तर पेट घेतं. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा.

नवशिक्याचं चुकतं ते वातीत. पॅराफिनची बारीक वात या मेणाला पुरत नाही, ज्योत मिणमिणते आणि मेणातच बुडून विझते. पिळाची नको, विणलेली सुती वात घ्या, एक मात्रा जाडच. आधी ती मेणात बुडवून ताठ करा, साच्याच्या मधोमध उभी धरा आणि मग ओता. गार व्हायला घाई नको. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, मेणबत्तीला तडे जातात.

काही आठवड्यांनी तिच्यावर पांढुरकी साय धरते. बुरशी लागली म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं. ती बुरशी नव्हे, मेणातलेच काही घटक वर आलेले असतात. मऊ फडक्यानं हलकेच पुसलं की मूळचा पिवळा रंग पुन्हा दिसतो.