बोटीतून उतरलेल्या माणसाला काय विचारावं?

श्रोतेहो, नमस्कार.

पूर आला की रेडिओवर एक संवाद हमखास ऐकू येतो. मागे इंजिनाची घरघर, वारा, माणसांचा गलका. वार्ताहर विचारतो, ‘नेमकी परिस्थिती कशी आहे?’ बचावपथकातला जवान धापा टाकत सांगतो, ‘परिस्थिती नियंत्रणात आहे, बचावकार्य युद्धपातळीवर सुरू आहे.’ आपल्या हाती काय लागलं? काहीच नाही. दोष त्या जवानाचा नाही, प्रश्नाचा आहे. ज्याच्या ताब्यात एक बोट, एक दोर आणि दोन-तीन गल्ल्या आहेत, त्याला सगळ्या शहराची स्थिती विचारली, तर तो पाठ केलेलं वाक्यच म्हणणार.

बचाव करणाऱ्याकडे एकच गोष्ट अशी असते जी दुसऱ्या कुणाकडे नसते: त्यानं आपल्या पाळीत, आपल्या डोळ्यांनी काय पाहिलं आणि हातांनी काय केलं. तेवढंच विचारायचं. बाकीचं सांगणारी माणसं वेगळी असतात. मोठ्या आपत्तीत कामाची वाटणी ठरलेली असते. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर घटना-नियंत्रणाची जी पद्धत आकाराला आली, तीत माध्यमांना माहिती देणारा अधिकारी वेगळाच नेमलेला असतो. ही पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं आली. म्हणून वार्ताहरानं घटनास्थळी पोहोचल्यावर आधी पाण्याकडे धावू नये, नियंत्रण कक्ष शोधावा. पुढची अधिकृत माहिती किती वाजता मिळणार, कुठवर जायला परवानगी आहे आणि पथकातल्या कुणाशी बोलता येईल, हे तिथे विचारून घ्यावं. पथकप्रमुखाची परवानगी न घेता जवानाशी बोललात, तर तुमची बातमी होईल, पण त्याची चौकशी लागेल. स्वयंसेवक मोकळेपणानं बोलतात, पण अनेकदा त्यांना शेजारच्या बोटीत काय चाललंय याचाही पत्ता नसतो, हेही ध्यानात ठेवावं.

आता वेळ. बोट काठाला लागली की पहिली काही मिनिटं कुणाचीच नसतात. माणसं उतरवायची, आजाऱ्याला रुग्णवाहिकेत द्यायचं, पथकातली डोकी मोजायची, इंधन भरायचं, पंख्यात काही अडकलंय का ते पाहायचं. त्या वेळी माइक पुढे करणं म्हणजे पुढची फेरी लांबवणं. बोलायला खरी जागा मिळते ती पाळी बदलताना. जवान हात-तोंड धुऊन, कोरडे कपडे घालून, पाणी पिऊन बसला की दहा मिनिटं मिळू शकतात. धुण्याची गोष्ट किरकोळ नाही. पुराच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, मेलेली जनावरं असं सगळं मिसळलेलं असतं, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात जातात. ओल्या हातमोज्यांनी त्याला माइक धरायला लावू नये.

थकव्याचाही हिशेब धरावा लागतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी ढासळते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. अशा माणसाला आकडे, वेळा, रस्त्यांची नावं बिनचूक आठवतील अशी अपेक्षा धरू नये. तो खोटं बोलत नसतो, पण पहाटेची फेरी आणि दुपारची फेरी त्याच्या डोक्यात एक होते. म्हणून त्याचं बोलणं पथकाच्या नोंदवहीशी ताडून मगच प्रसारित करावं.

उभं कुठे राहायचं, हेही शिकून घ्यायला हवं. वेगानं वाहणारं जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटर बहुतेक वाहनं वाहून नेतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेली मुलाखत नाट्यमय वाटते खरी, पण त्या वेळी पथकातल्या एकाला तुमच्यावर नजर ठेवावी लागते आणि पाण्यातल्या माणसावरची एक नजर कमी होते. ताणलेल्या दोराजवळ उभं राहू नये, दोर ओलांडू तर मुळीच नये. तो सुटला किंवा तुटला तर चाबकासारखा येतो. पथकाची आपसातली बोली पुष्कळदा शिट्टीची असते, तेव्हा तिथे आरडाओरडा आणि गाडीचे हॉर्न नकोत. रात्री प्रखर दिवा कुणाच्या तोंडावर मारू नये. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ड्रोन तर परवानगीशिवाय नकोच. हवेत अनोळखी ड्रोन दिसला की हेलिकॉप्टरला माघार घ्यावी लागते.

रेडिओसाठी आवाजाचं काम थोडं निराळं. जनरेटर आणि इंजिन बोलणाऱ्याच्या पाठीशी नको. माइक ज्या दिशेचा आवाज घेतो, त्याच दिशेला तो गोंगाट येतो. जवानाला वळवून उभं करावं, माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरावा आणि त्यावर फोमची टोपी असू द्यावी. नुसती प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर तिची सळसळच जास्त येते. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आणि वॉकीटॉकी यांचाही खरखराट होतो. वॉकीटॉकी बंद करायला मात्र कधीही सांगू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वाक्यात फोन येतो. शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या. संपादनात जोड लपवायला तो लागतोच.

आणि मग प्रश्न. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न टाकून द्यावा. त्याऐवजी असं विचारून पाहा: ‘शेवटच्या फेरीत कुठून कुठे गेलात? किती वाजता? बोटीत किती जण घेतले? पाणी कुठवर होतं? बोट कुठे अडली, कशामुळे?’ पाणी किती होतं असं मोघम विचारलं की ‘भरपूर होतं’ असं उत्तर येतं. ‘दाराच्या कडीपर्यंत होतं, की खिडकीच्या गजांपर्यंत?’ असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो आणि म्हणतो, ‘कडी बुडाली होती. आम्ही खिडकीतून हात घालून आजींना बाहेर घेतलं.’ ऐकणाऱ्याला त्या घरातलं पाणी दिसतं.

‘बोट कशामुळे अडली?’ हा या सगळ्यांत सर्वांत फळणारा प्रश्न. यावर पथकाचा माणूस हमखास खुलतो, कारण ते त्याचं रोजचं झगडणं असतं. पंख्याला साडी, दोरी, प्लॅस्टिक गुंडाळलं जातं आणि इंजिन बंद पडतं. पाण्याखालची कुंपणाची भिंत किंवा लोखंडी गज रबरी बोट फाडतो. दोन इमारतींच्या बोळात प्रवाह एकदम जोर धरतो. विजेच्या तारा पाण्याला टेकलेल्या असतात आणि पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत बोट पुढे नेता येत नाही. ‘मदत उशिरा का आली?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर कधीकधी इथेच मिळतं, आणि ते कुणावर आरोप न करता मिळतं. धरणातून किती विसर्ग झाला, इशारा वेळेवर दिला का, हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते पाटबंधारे आणि प्रशासनाच्या दारात. दोर धरणाऱ्याकडून त्यावर शेरा काढून घेणं ही पत्रकारिता नव्हे, सापळा आहे.

आकड्यांकडे मात्र श्रोत्यांनीही कान देऊन ऐकावं. ‘वाचवले’ आणि ‘सुरक्षित स्थळी हलवले’ हे दोन वेगळे आकडे आहेत. छपरावर अडकलेल्याला बोटीनं काढलं तर तो वाचवलेला, पाणी चढण्याआधी घर सोडून शिबिरात गेला तो हलवलेला. बातमीत दोन्ही एकत्र झाले की आकडा फुगतो. शिवाय पाच जणांचं कुटुंब बोटीनं पुलापर्यंत आलं, तिथून ट्रकनं शिबिरात गेलं, की बोटवाले पाच मोजतात, शिबिरवालेही पाच मोजतात, आणि बेरीज करणारा दहा सांगतो. ‘संपर्क नाही’ म्हणजे ‘बेपत्ता’ नव्हे, कित्येकांचा फक्त मोबाइल बंद पडलेला असतो. मृतांचा आकडा जवानाकडून कधीच घेऊ नये. तो अधिकृत ठिकाणाहूनच यावा, आणि नाव नातेवाइकांना कळल्यावरच.

बोटीत बसून आलेल्या माणसांचा आवाज त्यांना न विचारता मुद्रित करणं हाही प्रकार सर्रास चालतो. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४च्या आचारसंहितेतलं दहावं तत्त्व सांगतं की, आपत्तिग्रस्तांना प्रसिद्धीत हतबल वस्तू म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवावं. ते मदत संस्थांसाठी लिहिलेलं असलं, तरी माइकवाल्यांनी उचलायला हरकत नाही.

प्रसारणात वेळ सांगितलीच पाहिजे: ‘दुपारी तीन वाजता पथकप्रमुखांनी सांगितलं.’ सहा वाजता तोच रस्ता बंद असू शकतो आणि जुनी मुलाखत ऐकून कुणीतरी त्यावर गाडी घालतो. रिकाम्या केलेल्या वस्तीचा नेमका पत्ता सांगू नये, चोर बातम्या ऐकतात. थेट प्रसारणापेक्षा आधी मुद्रित केलेलं बरं, कारण जवानाच्या तोंडून एखाद्याचं नाव सहज निसटतं. पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच पथकाशी पुन्हा बोलावं. तेव्हा झोप झालेली असते, नोंदवही समोर असते आणि कोणती बोट, कोणता दोर, कोणता निरोप कमी पडला हे ते शांतपणे सांगतात. तोवर पहिलं मूळ मुद्रण पुसू नका, आणि फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि ठिकाण घालून ठेवा.