हरवलेली वंशावळ आणि उपाध्यायांची वही

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय 'संगणकात हरवलेल्या वंशावळींचा शोध आणि मांडणी' असा छापला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु वंशावळ हरवते कशी, हे आधी घरचे उदाहरण देऊन सांगायला हवे. होळकरशाहीत ज्यांचे पूर्वज चाकरीसाठी इंदुरात आले, अशी बरीच मंडळी समोर दिसत आहेत. निवृत्तीनंतर कुळाचा वृक्ष काढायला बसलेले एक काका त्या प्रत्येक घरात असतातच.

आमच्या काकांनी सहा वर्षे खपून अकरा पिढ्या जमवल्या आणि त्या कृतिदेव टंकात उतरवल्या. काका गेल्यावर आत्याने विचारले, "वंशावळ कुठे आहे रे?" देवघरातली वस्तू देवघरातच असणार, अशा भरवशाने मी म्हणालो, "संगणकात आहे." शोधखिडकीत आडनाव घातले, काही आले नाही. मूळ पुरुषाचे नाव घातले, तरी काही नाही. कृतिदेवात आपल्याला पडद्यावर 'राम' दिसतो, पण संगणकाच्या पोटात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. त्यामुळे युनिकोडात, म्हणजे आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात, शोधणाऱ्याला राम भेटत नाही. (टाळ्या नकोत, मी त्यात दोन दिवस घालवले आहेत.)

तारखांवरून शोधल्यावर सतरा फाइली निघाल्या : 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरी' आणि 'आत्याच्या दुरुस्तीसह'. सर्वांत अलीकडची तीच पूर्ण, असे मी धरून चाललो आणि फसलो. कारण कोणीतरी जुनी प्रत उघडून, एक स्वल्पविराम बदलून ती पुन्हा साठवली होती. एका प्रतीत पणजोबांची दुसरी पत्नी होती, दुसरीत ती नव्हती. प्रत्येक नातलगाने आपापली प्रत काढून फक्त आपली शाखा सुधारली होती, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची एक वही असते. यजमान तिथे जातो, मुलानातवंडांची नावे लिहून खाली सही करतो आणि वही तिथेच राहते. वही घरी नेऊन 'अंतिम खरी' करण्याची सोयच नाही! हरिद्वारच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्म चित्रण अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने केले. ही संस्था ज्या मॉर्मन संप्रदायाची, त्यानेच १९८४ मध्ये वंशावळींसाठी जेडकॉम हा फाइलप्रकार काढला, हा योगायोग मला फार आवडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटे उरली. तेव्हा पद्धत भरभर सांगतो. शोध संपेपर्यंत काहीही पुसू नका, 'साफसफाई' करणारी साधनेही चालवू नका. नावाने न शोधता जेडकॉम फाइलीच्या प्रत्ययाने, म्हणजे फाइलनावाच्या शेवटच्या अक्षरांनी, शोधा : तारांकन, टिंब, जी, ई, डी. ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या प्रणाली आपला संग्रह डॉक्युमेंट्समध्ये न ठेवता वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवतात, म्हणून लपवलेले घटक दिसू द्या किंवा प्रणालीतूनच वंशवृक्षांची यादी उघडा. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण चालू असेल तर डॉक्युमेंट्स नावाची दोन फोल्डरे असू शकतात, दोन्ही पाहा. ई-मेलला जोडलेली फाइल तिथल्या तिथे उघडून दुरुस्त केली असेल, तर ती तात्पुरत्या फोल्डरात पडलेली असते. जेडकॉममध्ये छायाचित्रे नसतात, त्यांचे पत्ते असतात, त्यामुळे फोटोंचे फोल्डर हलवले की चेहरे गेलेच. जुन्या ॲन्सेल अक्षरसंचात देवनागरी नाही, म्हणून निर्यात करताना युनिकोडचा यूटीएफ-८ निवडा. जेडकॉमच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत तर तोच बंधनकारक आहे. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फाइली आपोआप रांगेत बसतील. आणि मूळ प्रत एकाच माणसाकडे ठेवा; बाकीच्यांनी त्याला दुरुस्त्या कळवाव्यात, थेट हात लावू नये.

आमची पूर्ण प्रत अखेर पुतण्याच्या तात्पुरत्या फोल्डरात मिळाली. आत्याने चष्मा लावून सर्वांत आधी स्वतःचे नाव शोधले, ते नव्हते. काकांनी मुलींच्या शाखा वेगळ्या फाइलीत ठेवल्या होत्या, आणि ती फाइल आम्ही अजून शोधत आहोत.